आत किती?

१

यासीन खलफेचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. टाकीच्या तोंडाशी स्टुलावर बसायचं, आत कोण गेलं ते रजिस्टरात लिहायचं आणि बाहेर कोण आलं तेही लिहायचं. बस्स, एवढंच. यार्डात या कामाला होल वॉच म्हणत. जेद्दापासून तासाभराच्या अंतरावर, इकॉनॉमिक सिटीच्या अलीकडे, लोखंडी टाक्या बनवणारं ते यार्ड होतं. तिथं अकरा वर्षं तो त्याच स्टुलावर बसत आला होता. गावाला, बाणकोटात, लोकांचा समज होता की यासीन सौदीत मोठा सेफ्टीवाला आहे, आणि तो समज दूर करायची घाई यासीननं कधी केली नव्हती.

कामाचे नियम मात्र कडक. टाकीच्या तोंडाशी खिळ्यांचा एक बोर्ड असे. आत जाणाऱ्यानं आपल्या नावाचा टॅग स्वतःच्या हातानं तिथं टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्याच हातानं काढायचा. दुसऱ्याच्या टॅगला कुणी बोट लावायचं नाही. आत काही बिनसलं तर पत्र्यावर तीन ठोके मारायचे. तासातासाला फोरमन लांबूनच ओरडे, "आत किती?" यासीन बोर्डाकडं बघून आकडा सांगे. दिवस संपताना बोर्ड रिकामा झाला की तो म्हणे, "कोणी नाही. क्लिअर." मग टाकीचं झाकण लावून एकेक बोल्ट आवळला जाई.

त्या गुरुवारी मात्र त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. रात्री साडेदहाच्या मुंबईच्या विमानानं त्याची बायको अदिबा आणि मुलगी मेहेक येणार होत्या, तीन महिन्यांसाठी. मेहेक आता सात वर्षांची होती. बापाला तिनं शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीनची होती. त्यानंतर तिचा बाप म्हणजे मोबाइलवर दिसणारं पिवळं हेल्मेट आणि त्याच्या खालचा थोडासा चेहरा. मागच्या आठवड्यात तिनं फार काळजीनं विचारलं होतं, "अब्बा, तिथं खूप माणसं असतील ना? मी तुम्हाला ओळखणार कशी?"

"मी हेल्मेट घालून उभा राहीन."

"एअरपोर्टवर?" ती खुदकन हसली होती.

"हो तर! ज्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असेल त्याच्याकडं धावत यायचं. तोच तुझा अब्बा."

नेमकं त्याच दिवशी कंपनीनं बक्षीस दिलं. वीस लाख तास काम झालं, एकही अपघात नाही, म्हणून होल वॉच यासीनला जेद्दातल्या कुठल्याशा सपर क्लबची दोन तिकिटं. जुन्या काळाची सजावट, समोर बँड, टेबलावर जेवण. दुसरं तिकीट त्यानं विश्वनाथला दिलं. विश्वनाथ फिटर, संगमेश्वरचा, वयानं दहा वर्षांनी मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. यासीन नाहीच म्हणत होता, पण विश्वनाथनं त्याला खांद्याला धरून पिकअपमध्ये बसवलं.

"साडेसातला जेवण, नऊला उठायचं, दहाला एअरपोर्ट. कॅम्पातल्या खोलीत बसून तरी काय करणार आहेस? दर दोन मिनिटांनी घड्याळ बघशील आणि माझं डोकं खाशील. हेल्मेट घे आणि चल."

२

वाटेत शराफियाच्या बाजारात थांबून त्यांनी मेहेकसाठी एक बाहुली आणि चॉकलेटं घेतली. क्लब शहराच्या जुन्या भागात, एका गल्लीच्या टोकाला होता. बाहेर पाटी नव्हती, नुसता एक पिवळा दिवा. दार इतकं ठेंगणं की विश्वनाथलाही वाकावं लागलं, आणि विश्वनाथची उंची काही कुणाला हेवा वाटावा अशी नव्हती.

दारातून आत एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटी टेबलाशी लाल कोट घातलेला एक म्हातारा बसला होता. समोर रजिस्टर आणि तबकडीचा काळा फोन. मागं लाकडी बोर्ड, त्यावर पितळी खिळे आणि खिळ्यांना टांगलेले गोल पितळी बिल्ले.

"मोबाइल इधर," म्हातारा कॅम्पातल्या हिंदीत म्हणाला. "अंदर पुराना जमाना है." त्यानं दोघांचे फोन कापडी पिशव्यांत घालून खणात ठेवले. मग दोन बिल्ल्यांवर खडूनं नावं लिहून ते त्यांच्या हातात दिले. "अपने हाथ से टांगना. जाते वक्त अपने हाथ से निकालना."

यासीनला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. इतक्या भारी ठिकाणी आपलीच पद्धत! त्यानं कौतुकानं बिल्ला टांगला आणि त्याच खिळ्यावर हेल्मेटही अडकवलं. म्हाताऱ्यानं रजिस्टरात वेळ लिहिली, यासीननं सही केली. आत पाऊल टाकताना त्याला चुटपुट लागली, आणि कशाची ते दोन पावलांनी लक्षात आलं. अकरा वर्षांत त्यानं हजारो टॅग मोजले होते, पण स्वतःचा एकदाही टांगला नव्हता. होल वॉच कधी आत जात नाही. त्याची जागा बाहेर.

हॉल गोल होता. भिंतीभर छतापासून जमिनीपर्यंत लाल मखमलीचे पडदे, छोट्या टेबलांवर झालर लावलेले दिवे, मध्ये बँडचा उंच चौथरा. शे-सव्वाशे माणसं असतील. सवयीनं यासीननं बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधला. हिरवी पाटी कुठंच दिसली नाही. खिडकी नाही. पडद्यांमागं असेल, असं त्यानं मनाला सांगितलं.

"काय शोधतोयस?"

"एक्झिट."

"अरे बाबा, ड्यूटी संपली! गप बस आणि सूप पी," विश्वनाथ म्हणाला.

३

बँड खरोखर झकास होता. चमचमत्या झग्यातली गायिका जुन्या धाटणीची गाणी म्हणत होती, कधी अरबी, कधी इंग्रजी. सॅक्सोफोनवाला डोळे मिटून वाजवत होता. उंच पेल्यांतून द्राक्षाचा रस आला, मग भाजलेली कोंबडी. विश्वनाथचा गुरुवार असल्यानं त्यानं बटाटे तेवढे उचलले आणि कोंबडीकडं असं पाहिलं की यासीनला त्या कोंबडीचीच दया आली.

तिसऱ्या गाण्याच्या वेळी यासीनच्या कानाला काहीतरी खटकलं. ड्रमच्या तालात, पण तालाच्या जरा मागं, ठोके येत होते. तीन. मग थांबून पुन्हा तीन. ड्रमवाल्याचं काहीतरी कसब असेल. विश्वनाथला विचारलं तर तो म्हणाला, "मस्त वाजवतोय."

आठच्या सुमारास इशाच्या नमाजासाठी बँड थांबला. वादक वाद्यं ठेवून खाली उतरले. यासीन पडद्याजवळच्या गालिच्यावर नमाज पढून टेबलाशी परतला तेव्हा विश्वनाथ हात धुवायला गेला होता आणि चौथरा रिकामा होता. ड्रमच्या काठ्या स्टुलावर आडव्या पडल्या होत्या.

ठोके चालूच होते. तीन. थांबून पुन्हा तीन.

स्वयंपाकघरात कुणी मांस कुटत असेल. पाइपातली हवा असेल. एसीचा डक्ट थंड होताना वाजतो, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. यासीन अशी एकेक कारणं शोधत असतानाच समोरच्या खुर्चीतून कुणीतरी मराठीत विचारलं, "आपल्याकडचे ना तुम्ही?"

माणूस कधी येऊन बसला ते कळलंच नव्हतं. चौथऱ्यावरचा दिवा त्याच्या बरोबर मागं होता, त्यामुळं चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आवाज तरुण होता. कोट फार ढगळ होता.

"बाणकोट," यासीन म्हणाला. "तुम्ही?"

"पलीकडचाच. म्हसळा."

परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला की जीभ सैल सुटते. यासीननं पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. बायको येतेय, मुलगी येतेय. साडेदहाचं विमान. मुलीचं नाव मेहेक. तिनं बापाला चार वर्षांत पाहिलं नाही, म्हणून हेल्मेटची खूण. हे सांगताना तर तो स्वतःच हसला.

"म्हणजे हेल्मेट असलं की झालं," समोरचा म्हणाला. "हुशार आहे पोरगी. काम काय करता?"

"होल वॉच. टाक्यांवर."

"कधी कुणी आत राहून गेलं?"

प्रश्न अगदी सहज विचारला होता. तरी यासीननं हातातला घास ताटात ठेवला. "नाही."

"रजिस्टरात तसं लिहिलंय?"

"हो."

"मग झालं तर," म्हणत तो माणूस उठला. उठताना त्यानं टेबलाच्या कडेला हात टेकला. नखांच्या कडांत तांबूस भुकटी साचली होती, गंजाची. यार्डातल्या प्रत्येकाच्या नखांत असते तशी. "येतो. उशीर नको व्हायला."

४

टाकी सात. गेल्या सहा वर्षांत यासीननं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, पण एक दिवसही तो ते विसरला नव्हता.

तिथं तल्हा नावाचा एक पोरगा होता. तेवीस वर्षांचा, म्हसळ्याचा, सारखा शीळ घालणारा. आग विझवायच्या पाण्याच्या नव्या टाकीत सहा जण आतून गंज खरवडत होते. मगरिबची अजान झाली आणि माणसं घाईनं बाहेर पडू लागली. यासीनलाही नमाजाला पोहोचायचं होतं. फोरमन ओरडला, "आत किती?" यासीननं बोर्डाकडं पाहिलं. एकही टॅग नव्हता. तल्हाला बाहेर येताना त्यानं पाहिलं नव्हतं, पण टॅग नाही म्हणजे माणूस बाहेर. हिशेब सरळ होता. त्यानं तल्हाच्या नावापुढं 'बाहेर, सहा दहा' असं लिहिलं. मग बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "कोणी नाही. क्लिअर."

पाणी पिता पिता त्याला ठोके ऐकू आले होते. शेजारच्या यार्डात हातोडे चालू असतील, असं त्याला वाटलं होतं.

रात्री तल्हा कॅम्पात आला नाही. सकाळी टाकी पाण्यानं भरली गेली. दुपारी हजेरीच्या वेळी दुसऱ्या एका पोराच्या खिशात घाईत चुकून घेतलेला तल्हाचा टॅग सापडला. त्यानं तो यासीनजवळ गुपचूप परत दिला, आणि यासीननं तो तितक्याच गुपचूप खणात टाकला. पुढं कंपनीनं तल्हाला 'हुरूब' म्हणून नोंदवलं, म्हणजे कामावरून पळालेला. चौकशीत विचारलं, तेव्हा यासीननं सांगितलं, "मी स्वतः त्याला बाहेर जाताना बघितलं." पोरं पळतात, यात नवल काय? टाकी पांढरी रंगवली गेली. तपासणी दहा वर्षांनी. त्यानंतर तो फक्त एकदा गावी गेला, आणि तिथंही त्याला दर रात्री वाटे की आपल्या मागं कुणी ती टाकी उघडेल.

विश्वनाथ परत आला तेव्हा यासीनचं ताट तसंच होतं. "काय रे? चेहरा का उतरला?"

"चल, उठू."

"अजून पावणेनऊच झालेत."

"उठू म्हणतो ना!"

बोळाच्या तोंडाशी लाल कोटातला म्हातारा तसाच बसला होता. यासीन बोर्डाकडं गेला. विश्वनाथचा बिल्ला होता. त्याच्या शेजारचा खिळा रिकामा होता. बिल्ला नाही आणि हेल्मेटही नाही.

"मेरा टॅग किधर गया?"

म्हाताऱ्यानं रजिस्टर फिरवून त्याच्यासमोर धरलं. यासीन खलफे. आत, सात पस्तीस. बाहेर, आठ चाळीस. पुढं सही होती. यासीनची सही. 'य'ची शेपटी लांब ओढायची त्याची सवयसुद्धा तीच होती.

"आप तो चले गए," म्हातारा म्हणाला.

५

पहिली दहा मिनिटं विश्वनाथनं एकट्यानं भांडण लढवलं. माणूस इथं समोर उभा आहे, डोळे फुटले का, मॅनेजरला बोलवा. तो कॅम्पातला नावाजलेला भांडखोर होता, पण म्हातारा एकाच वाक्यावर ठाम होता. तो रागावला नाही, आवाज चढवला नाही. आत असलेला माणूस बाहेर जाऊ शकतो. बाहेर गेलेला माणूस बाहेर कसा जाणार?

यासीनला धडकी भरली ती या वाक्यानं. ते खोटं आहे असं त्याला म्हणता येईना. अकरा वर्षं त्यानं हेच तर केलं होतं. बोर्डावर जे आहे ते खरं.

त्यानं म्हाताऱ्याला बाजूला सारलं आणि सरळ बोळात शिरला. वाकून बाहेरच्या दाराशी पोहोचला, कडी काढली, जोर लावून ढकललं आणि पलीकडं पाऊल टाकलं. पायाखाली मऊ गालिचा लागला. समोर लाल पडदे, झालरीचे दिवे आणि बँडच्या चौथऱ्याची मागची बाजू. हॉलमध्येच, फक्त दुसऱ्या टोकाला. सॅक्सोफोनवाल्यानं क्षणभर डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

आपण घाबरून वळण चुकलो, अशी यासीननं स्वतःची समजूत घातली. पण बोळाला वळण नव्हतं.

त्यानं एका कडेचा पडदा ओढला. मागं भिंत होती. दुसरा ओढला. पडद्यामागची भिंत हाताला गार लागली, आणि ती वळत वळत पुढं गेली होती. तिला एकही कोपरा नव्हता. त्यानं पुढचे पडदे ओढले नाहीत. तो धावतच बोर्डाकडं परत आला.

नऊ वीस झाले होते.

विश्वनाथ म्हाताऱ्याशी भांडून घामाघूम झाला होता आणि पाठ फिरवून कपाळ पुसत होता. त्याचा बिल्ला यासीनच्या हाताशी होता. यासीननं तो खिळ्यावरून काढला. म्हाताऱ्यानं लगेच पेन उचललं.

"विश्वनाथ?" म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघत विचारलं.

फक्त एक 'हां' म्हणायचं होतं. विश्वनाथची सही त्यानं पगाराच्या दिवशी शेकडो वेळा पाहिली होती. चाळीस मिनिटांत एअरपोर्ट. मेहेक दारातून बाहेर येईल, पिवळं हेल्मेट शोधेल, आणि ते ज्याच्या डोक्यावर असेल त्याच्याकडं धावत जाईल. आपण सांगितलंय तसंच. आणि विश्वनाथ? त्याची बायको संगमेश्वरला नव्या घराला रंग काढत होती. येत्या महिन्यात तो कायमचा परत जाणार होता.

यासीनच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. खरं सांगायचं तर अर्धा बाहेरही पडला होता.

मग त्यानं विश्वनाथला हाक मारली आणि बिल्ला त्याच्या हातात कोंबला. "तू जा. पळ. आधी एअरपोर्ट. अदिबाला सांग, मी येईपर्यंत कुणाबरोबरही जायचं नाही. हेल्मेटवाल्याबरोबर तर मुळीच नाही."

"आणि तू?"

"पोलिसांना घेऊन ये, मालकाला, कफीलला उठव, काय वाटेल ते कर. पण आधी पोरीला गाठ." काळ्या फोनवरचा नंबर त्यानं पेननं विश्वनाथच्या तळहातावर लिहिला. "पोहोचलास की फोन कर."

विश्वनाथनं सही केली, खणात उरलेला एकच, आपला मोबाइल घेतला आणि वाकून बोळात शिरला. दार उघडल्याचा आवाज आला. रस्त्यावरच्या एका गाडीचा हॉर्न, ओलसर गरम वारा. मग दार लागलं.

६

यासीन म्हाताऱ्याच्या टेबलाशी उभा राहिला. हॉलमध्ये गाण्यामागून गाणी चालू होती. कुणीही जेवून उठत नव्हतं. इतक्या वेळात बोर्डावरचा एकही बिल्ला कमी झाला नव्हता, आणि बऱ्याच बिल्ल्यांवरचं खडूचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं.

साडेअकराला फोन वाजला. म्हाताऱ्यानं स्वतःच रिसीव्हर उचलून यासीनकडं दिला.

"हॅलो? विश्वनाथ? भेटल्या का?"

पलीकडं गर्दीचा गलका होता, ट्रॉल्यांचा खडखडाट होता. विश्वनाथ मोकळेपणानं हसत होता.

"अरे भेटल्या म्हणजे काय! पण कोण बोलतंय?"

"मी यासीन!"

"कसली मस्करी लावलीय? यासीन माझ्या समोर उभा आहे." मग आवाज थोडा लांब गेला. "अरे यासीन, तुझं नाव सांगून कुणीतरी फोनवर बोलतंय बघ."

"विश्वनाथ, ऐक. तू मला आत सोडून गेलायस. आठव. क्लब. बिल्ला. तुझ्या हातावर नंबर लिहिलाय मी."

"नंबर? हां, आहे खरा काहीतरी. घामानं फिसकटलाय."

"त्याची नखं बघ. त्याच्या नखांत गंज आहे. बघ म्हणतो ना!"

"आपल्या सगळ्यांच्याच नखांत आहे रे बाबा." विश्वनाथचा आवाज आता अनोळखी माणसाशी बोलावा तसा झाला होता. "हे बघा, तुम्ही कोण आहात माहीत नाही. यासीन केव्हाच बाहेर आला. मी स्वतः त्याला बाहेर जाताना बघितलं."

ते वाक्य यासीनच्या ओळखीचं होतं.

मागून एक बारीक आवाज आला. फोनवर हजारदा ऐकलेला, आज पहिल्यांदाच याच शहरातून येणारा. "अब्बा, मला उचला ना. मी हेल्मेट घालणार!" मग हसणं. आणि त्या हसण्याला साथ द्यावी तशी हळूच कुणीतरी घातलेली शीळ.

"मेहेक!" यासीन जिवाच्या आकांतानं ओरडला. "मेहेक, बेटा, तो मी नाही!"

फोन बंद झाला होता. तो बराच वेळ तसाच रिसीव्हरमध्ये ओरडत राहिला. नंतर म्हाताऱ्यानं रिसीव्हर त्याच्या हातातून हलकेच काढून जागेवर ठेवला.

७

"टाकी सात," यासीन म्हणाला. कुणाला ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "तो बाहेर आला नव्हता. मी बघितलं नव्हतं. ठोके ऐकले होते. दुसऱ्या दिवशी टॅगही मिळाला होता. मी खोटं बोललो. लिहून घ्या, मी सही करतो."

म्हाताऱ्यानं रजिस्टर मिटलं. त्यात आता लिहायचं काही उरलं नव्हतं. तो उठला, लाल कोट झटकला आणि वाकून बोळातून बाहेर गेला. जाताना त्यानं दिवा मालवला.

यासीन त्याच्या मागं चाचपडत गेला. या वेळी बोळ सरळ दारापर्यंत गेला. दार गार होतं आणि आता लाकडाचं लागत नव्हतं. कडी सापडेना. फटीतून उजेड येत नव्हता. पायांखालचा गालिचा ओला होता, का त्याचे मोजेच घामानं भिजले होते, ते त्याला ठरवता येईना.

तो दारावर धडका मारणार होता. ओरडणार होता. पण अकरा वर्षांची सवय हाडांत भिनली होती. त्यानं मूठ वळली आणि तीन ठोके मारले. थांबला. पुन्हा तीन मारले.

मागं हॉलमध्ये ड्रमवाल्यानं तोच ताल उचलला. टाळ्या पडल्या.

यासीननं कान दाराला लावला. पलीकडं कुणीतरी होतं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. पानं उलटली गेली. त्यानं आणखी तीन ठोके मारले, बोटांची साल निघेल इतक्या जोरानं, आणि श्वास रोखून उभा राहिला.

लांबून कुणीतरी ओरडलं, "आत किती?"

उत्तर लगेच आलं नाही. मध्ये थोडा वेळ गेला, बाटली उघडून घोटभर पाणी प्यायला लागतो तितका. त्या वेळात पलीकडचा माणूस कान देऊन ऐकत होता, हे यासीनला माहीत होतं. तो शेजारच्या यार्डाचा विचार करत होता, हेही माहीत होतं.

"कोणी नाही," यासीनच्याच आवाजात पलीकडचा म्हणाला. "क्लिअर."

मग पहिला बोल्ट आवळला गेला.